भवानीचं गिऱ्हाईक

पितृपक्ष संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. वर्षभर जिला माझी आठवण नसते, तीही एकदम गोड होते. “अक्का, आमच्या जोडीचं माप आहे ना तुमच्याकडे?” आहे बाई. बंगळूरच्या या जुन्या पेटेतल्या निम्म्या राजा-राण्यांची मापं माझ्या बोटांत आहेत. पट्टद गोंबे म्हणतात त्यांना इथे. लाकडाची जोडी, मुलीला लग्नात माहेराहून मिळते. नवरात्रात पायऱ्या मांडून बाहुल्या बसवल्या की सगळ्यात वरची पायरी या जोडीची. दरवर्षी तिला नवे कपडे लागतात, आणि ते मी शिवते. राजाला अंगरखा आणि म्हैसुरी पेटा, म्हणजे फेटा, राणीला काठापदराचं लुगडं. लुगडं नेसवून खाली निऱ्या बसवणं हे सगळ्यात चिवट काम, कारण लाकडाला कंबर नसते.

कुणी जोडी घेऊन आलं, ट्रंकेतलं फडकं सोडलं, की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. मग काळवंडलेल्या जरीचा, आणि अगदी शेवटी, नाक जवळ नेलं तर, लाकडाचा. बाकीच्यांना हा वास आला की सण आठवतो. माझं तोंड कडू होतं. याच दिवसांत, काही वर्षांपूर्वी, राजाजीनगरच्या बाजारातली माझी जागा गेली. कशी गेली हे मी घरातसुद्धा कधी नीट सांगितलेलं नाही. “फुटपाथचं काम निघालं,” एवढंच सांगते. लोकांना ते लगेच पटतं, कारण या गावात फुटपाथचं काम कायम निघालेलंच असतं.

जागा म्हणजे तरी काय, बागेच्या कुंपणाला लागून एक चटई मावेल एवढा तुकडा. पण तो तुकडा माझा होता. आमचं घराणं शिवणाऱ्यांचं. कुठल्याशा जमान्यात कुठल्याशा फौजेच्या मागोमाग इकडे आलो म्हणतात. तेव्हापासून आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि मशीन दोन्हीकडे ऐकू जाणारं. लग्न झालं तेही पेटेतल्या पेटेत. दोन गल्ल्या ओलांडून आले आणि दुसऱ्या मशीनवर बसले. आमचे हे निवृत्त झाल्यापासून टीव्हीतल्या माणसांशी भांडतात. माझ्याशी भांडायला त्यांना वेळ होत नाही. मुलगा चांगला आहे, दूर आहे. तेव्हा रविवारी सकाळी पिशवी भरून, बस धरून मी त्या कुंपणापाशी जाऊन बसायचे, तेव्हाच काय ती माणसांत असायचे. विक्री हे निमित्त होतं असं म्हणणार नाही, विक्री हवीच होती. पण सोमवार ते शनिवार मी मशीनवर वाकलेली एक पाठ होते, आणि रविवारी मला तोंड होतं.

रेन ट्रीच्या खाली ती लांबच लांब रांग. दुपारच्या सरीची खात्री, म्हणून प्रत्येकाची ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या पोटात साठलेलं पाणी काठीने ढोसून रस्त्याकडे ओतायचं कसब. पाणी चुकून शेजाऱ्याकडे गेलं की तंटा. माझ्या डाव्या हाताला चन्नपट्टणचा केंपण्णा, लाकडी खेळणी घेऊन. त्याच्या मालाला लाखेचा गोडसर वास येई, पोरं येऊन घोडे चाटत, आणि तो रागावत नसे, आयांना सांगे, “चाटू दे अम्मा, रंग भाजीचाच आहे.” उजव्या हाताला बुरूडकाम करणारी गौरम्मा. तिच्या ओल्या बांबूचा वास वेगळा, हिरवा. पलीकडे मातीच्या पणत्या, त्यापलीकडे नारळाच्या करवंट्यांची कर्णफुलं विकणारं एक जोडपं, जे दर रविवारी नवीन कारणावरून अबोला धरून यायचं. साऱ्यांचे निरोप मग माझ्यामार्फत जायचे. कॉफीवाला आला की बाय-टू, म्हणजे एक कॉफी दोघांत. केंपण्णा मला जास्त भरलेला पेला द्यायचा आणि वर म्हणायचा, “स्वल्प कमी पी अक्का, झोप येत नाही मग माझ्या नावाने ओरडतेस.” तो कन्नडात बोलायचा, मीही कन्नडात. इथे मराठीत लिहिताना तो जरा सभ्य वाटतो आहे. तसा नव्हता.

गिऱ्हाइकं पाहावीत तर तीही एकेक. जुन्या बायका येत, कापड चिमटीत धरून चोळून बघत, नाक मुरडत आणि घेत. नवे लोक येत, सगळं छान म्हणत, सगळ्याचे फोटो काढत आणि जात. एक तरुण माझ्या राजाचा पेटा बोटावर चढवून बायकोला म्हणाला, “हे कॉर्क झाकायला मस्त आहे.” मी म्हटलं, घ्या की, पण बाटलीला नमस्कार करावा लागेल रोज. त्याने खरंच घेतला. एका बाईने विचारलं, हे कपडे मशीनमध्ये धुता येतात का? मी म्हटलं, राजाला काढून मग धुवा. अशा गमती सांगायला तरी रविवारची वाट पाहायची. आता गमती घडल्या तरी सांगू कुणाला?

परवा एका कामाला राजाजीनगरात गेले होते. मुद्दाम त्या रस्त्याने गेले नाही, पण रिक्षावाल्याने वळवलीच. फुटपाथ झाला आहे खरा. गुळगुळीत फरश्या, मध्ये मध्ये सिमेंटच्या कुंड्या, कुंड्यांत सिगारेटची थोटकं. कुंपणाला निळा रंग. फुटपाथवर मोटारसायकली लावलेल्या. झाडं तीच आहेत. बसलेलं मात्र कुणी नव्हतं, एक माणूस फोनवर बोलत येरझारा घालत होता, तोही तिथला नव्हता. मी रिक्षावाल्याला म्हटलं, सरी, ठीक आहे, चला लवकर.

मंगल आमच्यात आली ती शेवटून दुसऱ्या मोसमात. निपाणीकडची. नवरा हेब्बाळला एका इमारतीत पहारेकरी, राहायला तिथेच तळघरात एक खोली. ही वाकळी शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर हाताने धावदोरा, सगळ्या अंगभर, जवळजवळ, कुठे सुटलेला नाही. पहिल्या दिवशी रांगेच्या टोकाला, झाडाच्या मुळावर, अंग चोरून बसली होती. गौरम्माने कन्नडात काही विचारलं तर हिने कन्नडातच उत्तर दिलं आणि मग स्वतःशी पुटपुटली, “आयला, दोरा संपला की.” मी लांबून ओरडले, अगं मराठी का तू? तिचं तोंड असं फुललं की काय सांगू. उठून आली, पाया पडली. “अक्का, हितं मराठी बोलायला कोण गावंल असं वाटलंच न्हवतं. मी तुमच्याजवळ बसतो की ओ.” तिच्याकडे बायकाही बसतो, येतो असंच म्हणतात. मी माझी चटई सरकवली. गौरम्माला सरकायला लावलं, तिची कुरकुर ऐकून घेतली. मंगलला कुठल्या दुकानात जुनी लुगडी मिळतात ते दाखवलं, कोणत्या बाईला उधार द्यायचं नाही ते सांगितलं, दुपारच्या डब्यातली भाजी दिली. हे उपकार म्हणून मोजून दाखवत नाही. राग किती आहे ते कळावं म्हणून सांगते.

आता आमच्या रांगेतली एक रीत सांगायला हवी. दिवसाची पहिली विक्री ती भवानी, कन्नडात बोणी. सकाळच्या कॉफीपर्यंत ज्याची भवानी झाली नसेल, त्याच्याकडे सगळ्यांनी जायचं आणि काहीतरी विकत घ्यायचं. रांगेतलं कुणीही कोरडं राहायचं नाही. जाताना आपल्या मालावर कापड टाकून जायचं. का, तर आपलं दुकान उघडं ठेवून, एक डोळा आपल्या गिऱ्हाइकावर ठेवून दुसऱ्याची भवानी करायची नसते. ती पुऱ्या मनाने करायची. घासाघीस नाही. घेतलेली वस्तू घरी न्यायची आणि वापरायची. आणि नंतर त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, आभारसुद्धा मानायचे नाहीत. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, मी गेले तेव्हा होतीच.

मला ती पहिल्यांदा चांगलीच झोंबली होती. पावसाचा दिवस, माझ्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. कॉफी झाली आणि बघते तर सगळ्यांनी आपापल्या मालावर कापडं टाकली आणि रांगेने माझ्याकडे आले. केंपण्णाने राणीचा परकर उचलला. घरात बाहुली नाही, मुलगी नाही, याला परकर कशाला? मी फटकन म्हटलं, दया नको मला. तो असा उखडला की बाजूचं जोडपं अबोला विसरून बघत राहिलं. “दया? मी पैसे देतो, तू माल देतेस. मी गिऱ्हाईक आहे. विकायला बसली आहेस ना? मग विक.” त्यानंतर कित्येक रविवार तो आपला कॉफीचा पेला त्या परकरात गुंडाळून धरायचा, बोटं भाजू नयेत म्हणून. जरीच्या काठाचा परकर. मी ते बघून हसायचे आणि मला फार बरं वाटायचं.

मंगलची भवानी आम्हाला वरचेवर करावी लागे. वाकळ मोठी वस्तू, येता-जाता कोण घेणार? मग मीच तिला सांगितलं, उरलेल्या तुकड्यांची लहान लहान फडकी शिव, गरम भांडं धरायला. आम्हालाही भवानी करायला सोपं जाईल. ती शिवू लागली. माझ्या ओट्याशी अजून तिची फडकी आहेत. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत, असं काही मी म्हणणार नाही. वापरते. चांगली आहेत.

त्या वर्षी पाऊस गणपतीनंतरही हटला नव्हता. झाडांवरून पाणी ठिबकतच असायचं. फुटपाथचं काम निघणार, दसऱ्यानंतर रांग उठणार, हे कळलं तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसला नाही. मग अदिती आली. ही मूळची पुण्याची, कामाने बंगळूरची. हेब्बाळला तळ्याच्या बाजूला कचेऱ्यांचं एक मोठं आवार आहे, त्याच्या अंगणात कारागिरांचा रविवारचा बाजार भरवायचं काम तिच्याकडे होतं. पायांत बूट, गळ्यात रुद्राक्ष, बोलणं गोड. मी मराठी आहे कळल्यावर मला काकू म्हणायला लागली. इथे मला काकू कुणी म्हणत नाही, अक्का म्हणतात. पण म्हटलं, असो.

“काकू, अ‍ॅक्च्युअली सगळ्यांना घेता नाही येणार,” ती म्हणाली. “जे स्टॉल खरंच चालतात तेच आम्ही घेऊ. आम्ही एखाद्या रविवारी लांबून बघून जाऊ, सो तुम्ही नेहमीसारखंच करा. मुद्दाम काही करू नका.”

आम्ही नेहमीसारखंच केलं. कप्पाळ!

तो रविवार मला स्वच्छ आठवतो, आणि आठवायला नको असतो. गोंब्यांचा मोसम ऐन भरात, माझ्याकडे सकाळपासून बायकांची रीघ होती. एकीच्या राणीला मी हिरवं लुगडं नेसवत होते. केंपण्णाचे घोडे चालले होते. गौरम्माच्या परड्या फुलांसाठी जात होत्या. कोरडी एकटी मंगल. आदल्या रात्री तिचा नवरा तिला म्हणाला होता की हे वाकळीचं खूळ बंद, सोमवारपासून वरच्या फ्लॅटांत धुण्याभांड्याला लाग. ती हे सांगत नव्हती, फक्त दोरा ओवायला सुई पुन्हा पुन्हा डोळ्याशी धरत होती. मीच खोदून विचारलं तेव्हा कळलं. कॉफी आली. मंगलने घेतली नाही. केंपण्णाने पेला खाली ठेवला आणि घोड्यांवर चादर ओढली. मी समोर उभ्या असलेल्या बाईला म्हटलं, “अम्मा, जरा थांबा, आलेच,” आणि राणीवर, अर्धं नेसवलेल्या लुगड्यावर, कापड टाकलं. ती बाई रागावून निघून गेली. गौरम्मा उठली, ते जोडपं उठलं, पणत्यांवाला उठला. सगळी रांग झाकली गेली आणि सगळी रांग मंगलपाशी गोळा झाली. कधी नव्हे ती गर्दी बघून रस्त्याने जाणारी चार माणसंही थांबली. एकाने चक्क मोठी वाकळ घेतली. मंगल रडत रडत घड्या घालत होती. आम्ही खुशीत होतो. आपण काही फार शहाणं काम केलं आहे असा मला तेव्हा भास झाला होता.

रस्त्यापलीकडे बेकरीच्या छपराखाली अदिती उभी होती. हे आम्हाला बुधवारी कळलं, फोनवर निवड आली तेव्हा. आमच्या रांगेतून एकच नाव. मंगल. खाली फोटो जोडले होते. एकात तिच्यापुढची ती गर्दी. सगळ्यांच्या पाठी. मधोमध माझी पाठ, राखाडी अंबाडा, निळी शाल. दुसऱ्या फोटोत आमची जागा. कापडाखाली झाकलेली, एकही माणूस नाही. त्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं की ऐन गर्दीच्या वेळी बाकीचे स्टॉल बंद होते.

मी पहिल्यांदा हसले. एवढी साधी चूक, एका वाक्यात सुटेल. अदितीला फोन केला, रीत समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काकू, तुम्ही सांगताय ते खूप ब्युटिफुल आहे, पण मग ती गर्दी खरी नव्हती ना? तुम्ही सगळे तिला मदत करायला गेला असाल, तर मला सगळंच पुन्हा बघावं लागेल. मंगलचंही. मी रविवारी येते. तिनेच सांगू दे, तुम्ही कस्टमर होतात की मदत करायला आला होतात. ती म्हणाली मदत, तर मी परत एकदा सगळ्यांना बघेन, प्रॉमिस.”

म्हणजे सगळं मंगलच्या एका शब्दावर आलं. तिने तो शब्द बोलायचा म्हणजे हातात आलेली जागा सोडायची, आणि आमच्याबरोबर पुन्हा ओळीत उभं राहायचं. मला हे कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर मी फोनवर न बोलता हेब्बाळला गेले. तळघरातली खोली, वर मोटारी लावल्याचा आवाज. तिने पोहे केले, पुन्हा पाया पडली. मी म्हटलं, मंगल, बघ, त्यांनी पुन्हा बघितलं तरी तुझं होईल, आम्ही आहोत. आमच्या मात्र सगळ्यांच्या जागा जातील गं. माझी जाईल. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. “असं काय बोलतासा अक्का? तुमी नसता तर मी कुटं असतो? सांगतो की. काळजी करू नकासा.” मी येताना बसमध्ये मनातल्या मनात हेब्बाळला माझी चटई कुठे टाकायची तेसुद्धा ठरवून टाकलं. तळ्याकडून वारा येईल, कपडे उडतील, म्हणून पाठीला भिंत असलेली जागा. इतकी मूर्ख मी.

केंपण्णाला मी हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला नाही. पेला फिरवत बसला. म्हणाला, “अक्का, बोणी मदत कधीपासून झाली?” मी म्हटलं, उगाच कीस काढू नको, एक शब्द तर आहे. त्याने पेला रिकामा केला आणि घोडे पुसायला घेतले. आता तो चन्नपट्टणला परत गेला आहे. रस्त्याकडेच्या मोठ्या दुकानांना घोडे पुरवतो म्हणे. ती दुकानं त्याचं नाव सांगत नाहीत. गौरम्मा कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला आहे. ते जोडपं कुठे गेलं ठाऊक नाही, निदान एकमेकांशी बोलत असावं. मंगल हेब्बाळला आहे, उत्तम चाललं आहे. तिच्या हाताखाली दोन बायका शिवतात. दरवर्षी नवरात्रात तिचा निरोप येतो, “अक्का, एकदा बघायला या की.” मी उत्तर देत नाही. मनाचा मोठेपणा वगैरे मला सांगू नका. मला तिचा राग आहे, आणि तो या दिवसांत ट्रंकांबरोबर बाहेर निघतो.

त्या रविवारी ऊन होतं. झाडांखाली ठिपके पडले होते. अदिती आली, सगळ्यांना नमस्कार केला आणि मंगलसमोर उकिडवी बसली. आम्ही मागे उभे. तिने मराठीतच विचारलं, हळू, लहान मुलाला विचारावं तसं. “मंगलताई, त्या दिवशी हे सगळे तुमच्याकडे आले होते, ते मदत करायला आले होते का?”

मंगलने माझ्याकडे बघितलं नाही. मांडीवरच्या वाकळीवरून हात फिरवला.

“न्हाई ओ ताई,” ती म्हणाली. “गिऱ्हाइकंच ती. पैसं दिल्यात, माल न्हेलाय. मदत कशाला घीन मी?”

मी पुढे झाले. तोंड उघडलं, खोटं बोलते आहे म्हणायला. आणि ते म्हणता येईना. काय खोटं होतं त्यात? आम्ही पैसे दिले होते, माल नेला होता. ती मदत होती म्हणावं, तर मग माझ्याकडून परकर घेताना केंपण्णा काय करत होता? मग आजवर या रांगेत कुणी कुणाकडून घेतलं ते सगळं काय होतं? ज्या कुणाची म्हणून भवानी आम्ही केली, त्या सगळ्यांच्या तोंडावर मी मागाहून भीक टाकल्यासारखं झालं असतं. माझ्यासकट. अदितीने वर बघून केंपण्णाला कन्नडात विचारलं, खरं का हे? केंपण्णाने आपल्या मालाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं.

“हौदु,” तो म्हणाला. “गिऱ्हाईकच होतो.”

“काकू?”

मंगलने आता मान वर केली. तिच्या डोळ्यांत भीती होती, दुसरं काही नव्हतं. मला तिची दया यावी असं ते बघणं होतं, आणि मला दया आली नाही. तरी मी हो म्हटलं.

“ओके, ग्रेट,” अदितीचा जीव भांड्यात पडला. ती उठली, गुडघे झाडले आणि फोन काढला. “मग काकू, एक छोटासा व्हिडिओ घेऊ का? मंगलताईंच्या पेजसाठी. तुम्ही कस्टमर म्हणून दोन वाक्यं बोला ना, मराठीत. काय घेतलंत, कसं वाटलं.”

मागे केंपण्णाने ताडपत्रीची दोरी सोडायला घेतली होती, तिचा आवाज येऊ नये म्हणून अदितीने त्याला थांबायला सांगितलं. मी शाल सारखी केली. भांडं धरायचं फडकं घेतलं, म्हटलं. शिवण हाताची आहे. टाके बारीक आहेत, जवळजवळ आहेत, दोरा कुठे सुटत नाही. सगळ्यांनी घ्यावं.